खालच्या खात्याचे उखा आण्णा

आमच्या गावात जमिनीच्या खालचं काहीही बोलायचं झालं तर आधी उखा आण्णांची परवानगी घ्यावी लागते. हा नियम ग्रामपंचायतीच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी इथला ग्रामसेवक, पुस्तकं माझ्याच कपाटात असतात, म्हणून खात्रीनं सांगतो. तरीही गटार खणायची असो, शौचालयाचा खड्डा असो, नाहीतर भुईमुगाला शेंगा किती धरल्यात याचा अंदाज असो, आण्णा काठी टेकत येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "वरलं सरपंचनं, खाललं मन्हं." ही त्यांनी परस्पर केलेली खातेवाटणी. सरपंचांनी ती कधी मान्य केली नाही, आणि मोडायची हिंमतही केली नाही.

मी बदलून आलो त्या पहिल्याच दिवशी आण्णा कार्यालयात आले. नमस्कार वगैरे नाही. माझ्या खुर्चीशेजारी फरशीवर काठी तीनदा आपटली, मान वाकडी करून ऐकलं आणि सांगितलं, "भाऊसाहेब, तुम्हनी खुर्चीना खाले पन्नास हातवर गोड पाणी चाली ऱ्हायनं. म्हनीसन आठे बठेल माणूसले झोप लागस." माझ्या आधीच्या कार्यालयातही मला झोप लागायची. पण कारण पहिल्यांदाच कळलं.

आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, कोरीटच्या अलीकडे, तापीकाठच्या सपाटीवरचं. काळी जमीन, कापूस, मिरची, आणि अलीकडे पपई. हे सगळं विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यावर. प्यायचं पाणीही तेच. दुसरं नाही. त्यामुळे पाणी कुठे आहे हे सांगणाऱ्या माणसाला गावात देवळातल्या पुजाऱ्यापेक्षा दोन बोटं जास्त मान असतो, आणि आण्णा पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि शेतातून चालत सुटायचं. जिथे नारळ उभा राहील तिथे खणायचं. गावातल्या बहुतेक विहिरी आण्णांच्या नारळानं दाखवलेल्या. एकच तेवढी एका जुन्या सरपंचानं शहरातला तज्ज्ञ आणून खणली. तिच्यात आता कडबा ठेवतात.

ती मिरवणूक बघण्यासारखी असायची म्हणे, आणि एकदा मीही बघितली. पुढे पांढऱ्या टोपीतले आण्णा, छाती काढून. दहा पावलं मागे त्यांची बायको बायजामाय, हातात हळदकुंकवाचं ताट. तिला दमा होता, असं गाव म्हणायचं. खोकत खोकत मागून यायची. नारळ उभा राहिला की वाकून तिथे कुंकू वाहायची. मालक नारळ फोडायचा, सगळ्यांना खोबरं मिळायचं.

तीन वर्षांपूर्वी बायजामाय गेली. तेव्हापासून आण्णांनी कोणाला पाणी दाखवलं नाही. दुःख आहे, म्हणून लोकांनी वर्षभर वाट पाहिली. मग विचारायला लागले तेव्हा आण्णांनी नारळाला दोष दिला. "आतेना नारळमा जीव नई. उभाच ऱ्हात नई." हे ऐकून आमचे किराणावाले शेठ दुखावले. तीन पिढ्यांमागे राजस्थानातून येऊन बसलेलं दुकान, मालाबद्दल कोणी बोललेलं नाही. त्यांनी सुरतेहून वेगळे नारळ मागवले. आण्णा रोज सकाळी दुकानात जायचे, एकेक नारळ कानाशी हलवायचे आणि मान हलवून परत ठेवायचे. शेठ मला म्हणाले, "भाऊसाहेब, मुलीचं स्थळ बघतानासुद्धा इतके नकार कोणी देत नाही."

अशात गेल्या हिवाळ्यात कंपनी आली.

कंपनीचं म्हणणं असं की आमच्या गावाखाली फार खोल एक खडक आहे आणि त्याच्या पापुद्र्यांमध्ये गॅस अडकून बसलाय. त्याला शेल गॅस म्हणतात. तो काढायचा तर खोल बोअर मारायचं, त्यातून पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं आत सोडायची, म्हणजे खडकाला भेगा पडतात आणि गॅस वर येतो. इंग्रजीत फ्रॅकिंग. गावानं लगेच नाव ठेवलं, खडकफोड. आधी पाहणी, मग चाचणीची विहीर, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ना-हरकत ठराव. ठराव म्हटलं की माझं पोट दुखायला लागतं, ते तेव्हापासून दुखत होतं.

पाहणीसाठी नागपूरकडची एक जिऑलॉजिस्ट मॅडम आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, डोक्यावर हॅट, खिशात हातोडी. तिच्या माणसांनी शेताशेतातून सरळ रेषेत छोटी केशरी निशाणं रोवली. या जागांवर यंत्रं ठेवून जमिनीचा आवाज ऐकायचा होता. आवाज ऐकणार म्हटल्यावर तो विषय कोणाच्या खात्यातला, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आण्णांनी सतरा निशाणं उपटली आणि आपल्या मनानं दुसरीकडे लावली.

मॅडमच्या यंत्रानं जागा चुकल्याचं लगेच दाखवलं. ती मला घेऊन आण्णांच्या ओट्यावर आली. मला वाटलं, आता पोलीस. आण्णा अजिबात डगमगले नाहीत.

"चुकीना जागावर व्हतात, मी नीट लाई दिधात," ते म्हणाले. "इतली सरळ रेघ कोणं आखी? पाणी का सरकारी रस्ता शे, सरळ जावाले?"

"आण्णा, आम्ही पाणी नाही शोधत. गॅस शोधतोय. दोन किलोमीटर खोल."

"किलोमीटर रस्ताले ऱ्हास. जमीनले हात ऱ्हास."

मॅडमनं मोबाइलवर हिशोब करून सांगितलं, साडेचार हजार हात धरा. आण्णांनी ओट्याखालच्या जमिनीकडे बघितलं. मग म्हणाले, "इतलं खोल जाईसन कोणं दखेल शे?"

"कोणीच नाही. आवाजावरून अंदाज बांधतो आम्ही."

"मंग तुम्हीबी पाणाड्याच," आण्णा म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले. त्यांची दोस्ती जमली ती अशी. पुढे मॅडम रोज यायची. एकदा तिनं सहज विचारलं, "आण्णा, पाणी लागतं तेव्हा तुम्हाला नक्की काय जाणवतं?" आण्णांनी तिला चहा निवतोय याची आठवण दिली.

निशाणांचं प्रकरण तिथे मिटलं असतं. पण आण्णांना निशाणं रोवताना दोघांनी पाहिलं होतं. एक आमचे भटू पाटील, दुसरे सरपंचांचे भाऊ. दोघांचाही समज एकच: आण्णांनी पुन्हा पाणी दाखवायला सुरुवात केली, फक्त आता नारळाऐवजी निशाण. मॅडमच्या माणसांनी निशाणं परत सरळ रेषेत नेईपर्यंत या दोघांनी आपापल्या शेतात निशाणाच्या जागी गुपचूप खुंट्या ठोकून घेतल्या, आणि त्याच आठवड्यात बोअरची गाडी बोलावली. भटू पाटलांना धो धो पाणी लागलं. सरपंचांच्या भावाला धूळ लागली.

आता आमच्यात अशी रीत आहे की नव्या पाण्याची पहिली ओंजळ पाणाड्यानं प्यायची. भटू पाटलांनी आण्णांना हाताला धरून आणलं. आण्णा त्या पाण्याकडे चोरी पकडली गेल्यासारखे बघत राहिले. ओंजळ केलीच नाही. पोट बरं नाही म्हणाले आणि घरी गेले.

पण ते निशाण मुळात कंपनीचं होतं, हेही गावाला कळलं. तेव्हा भटू पाटील म्हणाले, कंपनी चांगली आहे, तिच्या निशाणाला पाणी लागतं. सरपंचांचे भाऊ म्हणाले, कंपनी फसवी आहे, तिच्या निशाणाला धूळ लागते. फ्रॅकिंगवरची आमच्या गावातली चर्चा अशी शास्त्रीय पायावर सुरू झाली.

मग मात्र ती वाढतच गेली. कंपनीच्या बाजूनं एक टायवाले साहेब आले. त्यांनी शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं जमिनीचा उभा काप दाखवला. वर निळं पाणी, खाली लाल गॅस, मधे जाडजूड तपकिरी पट्टा. हा पट्टा इतका भक्कम की खालचं वर येणं शक्य नाही. पाण्याला शून्य धोका, पोरांना नोकऱ्या, गावाला पक्का रस्ता. चार दिवसांनी विरोधकांनी पुण्याहून एक दाढीवाले गृहस्थ आणले. तीच भिंत, तोच प्रोजेक्टर, तोच काप. फक्त त्यांच्या तपकिरी पट्ट्यात भेगा होत्या आणि त्यातून रसायन वर येत होतं. पपई जळणार, विहिरी नासणार, नळाला काडी लावली तर पेट घेणार. हे सांगताना त्यांचाही आवाज जराही हलत नव्हता. जमिनीखाली काय आहे हे एवढ्या लोकांना एवढं पक्कं माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. मला माझ्या कपाटात काय आहे हेही नीट माहीत नसतं.

गाव गोंधळलं. पोरांना कामाला सुरतेला जावं लागतं, त्यामुळे नोकऱ्या हव्या होत्या. पाणी तर हवंच होतं. आणि मग दोन्ही बाजूंच्या एकदमच लक्षात आलं की या गावात जमिनीखालचा शब्द एकाच माणसाचा चालतो. आण्णा ज्या बाजूला, ठराव त्या बाजूला.

मग आण्णांच्या ओट्यावर रांग लागली. सकाळी भटू पाटलांचा गट, टायवाल्या साहेबांना घेऊन. संध्याकाळी सरपंचांचे भाऊ, दाढीवाल्यांना घेऊन. बायजामाय गेल्यापासून त्या घरात एका कपाचा चहा होत होता, आता पातेलं चढायला लागलं. आण्णा दोघांचंही ऐकून घ्यायचे, काठी आपटायचे, आणि "दखू" म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा मजा घेतोय. मी तसं बोलूनही दाखवलं. आण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊसाहेब, आजलगून मी चुकनू असतू तर एक माणूसनी विहीर कोल्डी ऱ्हाती. आते चुकनू तर आख्खा गावनं पाणी जाई." एवढं बोलून त्यांनी विषय पपईच्या रोपांवर नेला. मी मनात म्हटलं, अरे, हा माणूस घाबरलाय.

एप्रिलमध्ये ग्रामसभा झाली. शाळेच्या मैदानात मंडप, प्रांतसाहेब स्वतः हजर, मी कोपऱ्यातल्या टेबलावर इतिवृत्त लिहायला. टायवाले बोलले, दाढीवाले बोलले, भटू पाटील आणि सरपंचांचे भाऊ एकाच वेळी बोलले. शेवटी कोणीतरी ओरडलं, आण्णाले इचारा. सगळं मैदान आण्णाले, आण्णाले करायला लागलं. प्रांतसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, खालचं खातं त्यांच्याकडे आहे.

"सांगा बाबा," प्रांतसाहेब म्हणाले. "तुमचं विहिरीचं पाणी आणि तो खोलवरचा खडक, यांचा खालून काही संबंध आहे का?"

आण्णा उठले. टोपी काढून हातात घेतली. त्यांना बिनटोपीचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"साहेब, मले माहीत नई."

लोक हसले. आण्णांना थट्टा करायची सवय आहेच.

"थट्टा नई," आण्णा म्हणाले. "मले कधीच माहीत नव्हतं. नारळ मी अंगठाना जोरवर उभा करू. बायजा मन्हा मांगे चाले, अनवाणी. खाले पाणी लागनं का तिना पाय थंडा पडेत. मंग ती खोके. ती खोकनी का मी थांबू."

मैदानात प्रत्येकजण आपापल्या विहिरीचा मुहूर्त आठवत असावा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बायजामायला कितीतरी वर्षं दम्याच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि ती बिचारी त्या घेतही होती.

"इतली वरीस सांगं का नई?" भटू पाटलांनी विचारलं.

"बाईमाणूसना सांगावर तुम्ही विहीर खंदतात का?"

भटू पाटील खाली बसले.

"बाबा, विषयाला धरून बोला," प्रांतसाहेब म्हणाले.

"धरीसनच बोली ऱ्हायनू. साडेचार हजार हात खाले काय शे, ते ह्याबी ठासून सांगतस आणि त्याबी ठासून सांगतस. मी चाळीस वरीस तेच करं. म्हनीसन मले समजस, ठासून सांगनारले किती माहीत ऱ्हास." ते थांबले, टोपी घातली. "तिले माहीत राहे. ती गयी."

प्रांतसाहेबांनी मॅडमकडे बघितलं. ती उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आमचाही अंदाजच आहे, सर." टायवाल्या साहेबांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरूनच मला कळलं की तिची बदली होणार. पुढच्या महिन्यात झाली.

ठराव असा झाला: खाली काय आहे आणि काय होईल याची लेखी हमी कोणीतरी सहीनिशी देईपर्यंत ना-हरकत देऊ नये. दोन्ही गटांनी हात वर केले. भटू पाटलांना वाटलं, कंपनी हमी देईल. सरपंचांच्या भावाला वाटलं, देणार नाही. टायवाले म्हणाले, वरिष्ठांना कळवतो. यंत्रं गेली, ती अजून आलेली नाहीत.

इतिवृत्त तपासताना प्रांतसाहेब मला म्हणाले, त्या बाईंचं काढून टाका, विषयाशी संबंध नाही. नोकरीत इतकी वर्षं झाली, साहेबांचं न ऐकण्याची ती माझी पहिली वेळ. बायजाबाईचं पूर्ण नाव लिहिलं, आणि आण्णा जे बोलले ते जसंच्या तसं लिहिलं. मला त्याचा अभिमान वाटतो, उगाच लपवत नाही.

गावाचं पाणी वाचलं ते या माणसाच्या "माहीत नई"मुळे. पण गावानं उपकार वेगळ्या रीतीनं फेडले. चाळीस वर्षं फसवलं, असं लोक बोलायला लागले. विहिरी भरलेल्या, पपया लागलेल्या, मग फसवलं कोणाला, हे कोणी सांगेना. ओट्यावर यायची गरज कोणत्याच गटाला उरली नव्हती, आणि आण्णाही आता कुठल्या खड्ड्यापाशी येऊन उभे राहत नव्हते. पाराजवळून ते गेले की मागून कोणीतरी मुद्दाम खोकायचं. मी दोघांना झापलं. तिसरा खोकला तो खुद्द सरपंचांचा भाऊ, त्याला झापायची माझी प्राज्ञा नव्हती.

मे महिन्यात मी नंदुरबारची मीटिंग आटोपून भर दुपारी मोटरसायकलवर परत येत होतो. गावाबाहेरच्या एका नांगरलेल्या शेतात आण्णा चालताना दिसले. वहाणा बांधावर काढून ठेवलेल्या. काळ्या ढेकळांतून अनवाणी, मान खाली घालून. अशा उन्हात त्या जमिनीवर कुत्रं पाय ठेवत नाही. मी गाडी उभी केली आणि शेतात उतरलो.

"आण्णा, पाय भाजतील."

"भाजतसच."

"काही लागतं का पायांना?"

"काईच नई. नुसता भाजतस." ते थांबले नाहीत, मी शेजारून चालत राहिलो. "ती कशी चाले, ते समजी ऱ्हायनं नई. टाचवर भार दे का चवड्यावर, काईच माहीत नई. चाळीस वरीस मी म्होरे, ती मांगे. मी कधी मांगे फिरीसन तिले चालताना दखंच नई, भाऊसाहेब. खोकला ऐकू ये, तितलंच."

थोडं पुढे गेल्यावर आण्णा थांबले.

"तुम्ही उनतात ना एकदाव, भटूना काकाना शेतमा? तुम्ही दखं व्हई तिले. कशी चाले?"

मी आठवून पाहिलं. त्या दिवशी शेतात आम्ही वीस-पंचवीस जण होतो. आण्णांची टोपी आठवली, तळहात आठवला, नारळ कसा डुगडुगत उभा राहिला तेही आठवलं. माय ताट घेऊन कुठूनतरी आली होती, एवढंच. आम्ही सगळे नारळाकडे बघत होतो.

"हळू चालायची माय," मी म्हटलं. "अगदी हळू."

आण्णांनी मान डोलावली, पाऊल उचललं, आणि चाल हळू केली.